विहाराचे दार रोज उघडावे

श्रीवर्धन तालुक्यातील बौद्धवाड्यांत फिरताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. वाडीत विहार आहे. कोठे लहान, कोठे मोठा, पण लोकांनी पोटाला चिमटा घेऊन बांधलेला. मुंबईच्या चाकरमान्यांनी वर्गणी दिली, गावच्या मंडळींनी अंगमेहनत केली, तेव्हा भिंती उभ्या राहिल्या. परंतु या विहाराचे दार उघडते कधी? पौर्णिमेला, चौदा एप्रिलला, सहा डिसेंबरला आणि एखादे लग्न किंवा पुण्यानुमोदन असेल तेव्हा. बाकीचे दिवस कुलूप. किल्ली कोणाच्या तरी घरी खुंटीला टांगलेली असते. त्याच वेळी वाडीतली पोरे संध्याकाळी विहाराच्या पायरीवर एका मोबाइलमध्ये चौघे डोके घालून बसलेली असतात.

आमचे आजचे म्हणणे या कुलुपाविषयी आणि या पायरीवरच्या पोरांविषयी आहे. विहाराचे दार रोज संध्याकाळी दीड तास उघडावे, आत पुस्तकांचे एक कपाट असावे आणि तेथे इंग्रजी शिकण्याचे केंद्र चालावे, अशी सूचना आम्ही समाजबांधवांपुढे आणि विशेषतः मायभगिनींपुढे ठेवत आहोत. हे केंद्र शिकवणीचा वर्ग म्हणून नको, वाचनाचे घर म्हणून हवे. एवढा एक मुद्दा पटला तर बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत.

इंग्रजी कशाला, असे विचारणारे आज फारसे कोणी उरले नाही. २००० सालापासून महाराष्ट्रातील शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. म्हणजे आज दहावीला बसणारे पोर दहा वर्षे इंग्रजी शिकलेले असते. तरीही त्याच्यापुढे एखादे साधे इंग्रजी पत्र ठेवले तर ते आपल्याकडे बघते आणि मान खाली घालते. अकरावीला विज्ञान घेतलेल्या मुली पहिल्या सहामाहीतच खचतात. गणित त्यांना येते, पण गणित विचारलेली भाषा कळत नाही. मग कोणी शाखा बदलते, कोणी घरी बसते, आणि लग्नाची बोलणी सुरू होतात. मुलगे मुंबईची वाट धरतात. तेथेही अर्ज, मुलाखत, कराराचा कागद सारे इंग्रजीत. वाचता येत नाही म्हणून अंगठा उठवावा तशी सही होते.

याहून गंभीर एक बाब आहे. आपल्या घटनेच्या कलम ३४८ प्रमाणे उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांचे कामकाज इंग्रजीत चालते. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्यासाठी झाला. त्याखालची फिर्याद गावच्या पोलीस ठाण्यात मराठीत नोंदली जाते, पण प्रकरण वर गेले की निकाल इंग्रजीत येतो. ज्या कुटुंबावर अत्याचार झाला त्यालाच आपल्या प्रकरणात न्यायमूर्ती काय म्हणाले हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते. ज्याच्या घरात तो कागद वाचणारी एक लेक आहे, त्याची गोष्ट निराळी. इंग्रजीचा प्रश्न नोकरीचा आहेच, पण तो आपल्या हक्काचाही आहे.

महाडचा एक विद्यार्थी

आपल्याच जिल्ह्यातली एक हकीकत नव्या पिढीला ठाऊक असावी म्हणून सांगतो. महाडचे नाव निघाले की आपल्याला १९२७ चा चवदार तळ्याचा संग्राम आठवतो. परंतु त्याच्या तेरा वर्षे आधी, १९१४ च्या सुमारास, त्याच महाडात एका मुलाने इंग्रजी शाळेच्या दारावर धडक दिली होती. त्याचे नाव रामचंद्र बाबाजी मोरे. जन्म १९०३ चा, महाड तालुक्यातला. मराठी शाळेत हुशार निघाला, शिष्यवृत्ती मिळवली. त्या काळी मराठी इयत्ता संपल्या की पुढचे शिक्षण इंग्रजी शाळेत होत असे. महाडच्या इंग्रजी शाळेने त्याला अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारला.

अकरा-बारा वर्षांचे पोर. दुसरे कोणी असते तर रडून घरी गेले असते. या पोराने लेखणी उचलली आणि घडलेला प्रकार वर्तमानपत्राला लिहून कळवला. बातमी फुटल्यावर शाळेला प्रवेश द्यावा लागला. वर्गात इतरांबरोबर बसू दिले नाही, वेगळे बसावे लागले, पण दार उघडले. हाच मुलगा पुढे कॉम्रेड आर. बी. मोरे म्हणून प्रसिद्ध झाला. १९ आणि २० मार्च १९२७ ची महाडची परिषद भरवण्यात आणि त्यासाठी बाबासाहेबांना महाडास आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

या हकीकतीत आम्हाला दोन गोष्टी दिसतात. पहिली, तळ्याचे पाणी जसे अडवलेले होते तसे इंग्रजी शाळेचे दारही अडवलेले होते. पाणी आणि विद्या या दोन्हींवर एकच पहारा होता. दुसरी गोष्ट अशी की ते दार मराठी लिहिता येत होते म्हणून उघडले. ज्या भाषेवर त्या पोराची पकड होती तिच्या जोरावर त्याने पुढची भाषा मिळवली. इंग्रजीसाठी मराठीला तुच्छ लेखणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे. कर्ज काढून पोराला दूरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालायचे आणि घरात एकही मराठी पुस्तक ठेवायचे नाही, याने पोर दोन्हीकडून अधांतरी राहते. धड मराठीत निबंध लिहीत नाही, धड इंग्रजीत बोलत नाही.

आज दार कोणी अडवलेले नाही. शाळा आहे, पुस्तके मिळतात, फी माफ होते. आता पहारा आहे तो आपल्याच आळसाचा आणि भीतीचा. इंग्रजी आपले काम नव्हे, ही भीती पोरांच्या मनात कोठून येते? ती घरातून येते. आपण मोठी माणसेच इंग्रजी पाटी दिसली की तोंड फिरवतो.

सुभेदारांच्या घरातली शिकवणी

श्रीवर्धन तालुक्याच्या दक्षिण टोकाला बागमांडला आहे. तेथून बाणकोटची खाडी ओलांडली की पलीकडे वेश्वी, म्हणजे मंडणगड तालुका लागतो. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे त्याच तालुक्यात. इतक्या जवळची ही माती आहे. या मातीतले सुभेदार रामजी सकपाळ लष्करातल्या शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांनी आपल्या मुलाला इंग्रजी कसे शिकवले हे चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे. हॉवर्डची इंग्रजी वाचनाची पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी घरी बसवून करून घेतली. भाषांतर पाठमाला म्हणजे मराठी वाक्य इंग्रजीत आणि इंग्रजी वाक्य मराठीत. दोन्ही भाषा एकमेकींचा हात धरून चालतात.

मुलाला शाळेबाहेरची पुस्तके वाचायचा नाद लागला तेव्हा सुभेदारांनी तो मोडला नाही. पैसे नसले तर लग्न झालेल्या मुलींकडे जायचे, त्यांचा दागिना गहाण टाकायचा आणि भीमाला पुस्तक आणून द्यायचे. त्या घरात पुस्तकासाठी दागिना गहाण पडत होता. आज आपल्याकडे हळदीच्या रात्रीसाठी आणि मिरवणुकीच्या वाजपासाठी गहाण पडतो. यावर अधिक लिहायला नको.

पुढे मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा रोज वाचत बसलेला कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी पाहिला. त्यांनी चौकशी केली, पुस्तके दिली. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर सत्कार झाला तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. १९५६ च्या धम्मदीक्षेपर्यंत गेलेल्या वाटेवर ते पुस्तक अगदी सुरुवातीला उभे आहे. सयाजीराव महाराजांकडे शिष्यवृत्तीसाठी शब्द टाकणारेही केळुसकर गुरुजीच. एका वाचणाऱ्या मोठ्या माणसाने एका वाचणाऱ्या मुलाकडे लक्ष दिले, त्यातून केवढे घडले!

न्यूयॉर्कला असताना बाबासाहेबांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके जमवल्याची नोंद चरित्रांत आहे. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांचे ग्रंथ असलेले जहाज महायुद्धात बुडाले. माणूस पुस्तके जमवणे सोडून देईल. त्यांनी पुन्हा जमवली, आणि पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले ते पुस्तकांना जागा पाहिजे म्हणून. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिच्या उद्देशांत वसतिगृहांच्या जोडीला वाचनालये आणि अभ्यासवर्ग काढणे हे कलम होते. चवदार तळ्याच्या आधी तीन वर्षे! चळवळीच्या पायात वाचनालय होते, हे आपण विसरलो आणि पुतळ्याचा चौथरा तेवढा लक्षात ठेवला.

देवी नको, अभ्यास हवा

इंग्रजीचे महत्त्व पटवण्यासाठी आपल्या देशात एक वेगळा प्रयोगही झाला. उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरी जिल्ह्यातील बांका या गावी २०१० साली दलित विचारवंत चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने इंग्रजी देवीचे मंदिर बांधायला घेतले. देवीच्या हातात लेखणी, पायाखाली संगणक. प्रशासनाने ते बांधकाम थांबवले. त्यामागची तळमळ आम्हाला कळते. इंग्रजी शिकाल तर सुटाल, हे लोकांच्या मनावर ठसवायचे होते. सावित्रीबाई फुले यांनीही १८५४ च्या ‘काव्यफुले’ संग्रहात शूद्रातिशूद्रांनी इंग्रजी शिकावे असे कवितेतून सांगितले आहे.

परंतु आपण बुद्धाच्या मार्गाने चालणारी माणसे आहोत. आपल्याला नवी देवी नको. भाषेपुढे उदबत्ती लावल्याने भाषा येत नाही. बोलायला शिकवणाऱ्या नव्वद दिवसांच्या वर्गाची जाहिरात हीसुद्धा एक प्रकारची देवीच आहे. पैसे वाहायचे आणि प्रसाद म्हणून प्रमाणपत्र घ्यायचे. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. ज्यांच्या घरी वाडी आहे किंवा जे दुसऱ्याच्या वाडीत राबतात, त्यांना विचारा. रोप लावल्यावर फळ धरायला वर्षे जातात, आणि त्या काळात रोज शिंपण करावे लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात उभ्या वाड्या आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे उडाले. तरी लोकांनी पुन्हा रोपे लावली. ज्यांना सुपारीसाठी इतका धीर धरता येतो त्यांना पोराच्या भाषेसाठी तीन वर्षे धीर धरणे कठीण नाही.

आपल्याकडे काय आहे

आता कोणी म्हणेल, आमच्या वाडीत वाचनाची सवयच नाही, केंद्र चालणार कसे? आम्हाला हे मान्य नाही. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात वाडीवाडीत काय चालते? ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन. एकजण मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात, मध्येच कोणी म्हातारी शंका विचारते. बाहेर कोकणचा पाऊस कोसळत असतो आणि आत वाचन चाललेले असते. तीन महिने सामुदायिक ग्रंथवाचन करणारा समाज वाचनाला परका कसा? फक्त ही पद्धत वर्षभर चालू ठेवायची आणि पोरांना मागच्या रांगेतून पुढे आणायचे.

हा ग्रंथ बाबासाहेबांनी मूळ इंग्रजीत लिहिला. तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. मराठी भाषांतर नंतर आले. त्यांनी जगाशी इंग्रजीत बोलणे केले आणि आपल्या माणसांसाठी ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’ मराठीत काढले. वर्षावासात मराठीतला एक परिच्छेद वाचून झाला की केंद्रातल्या मुलीने त्याच परिच्छेदातली दोन वाक्ये मूळ इंग्रजीतून वाचावीत. म्हाताऱ्यांना अर्थ ठाऊक असतोच. मुलीला इंग्रजी मिळेल आणि आजीला नातीचा आवाज ऐकायला मिळेल.

दुसरी गोष्ट. आपली पाच वर्षांची पोरे त्रिशरण-पंचशील पालीत म्हणतात. घरात पाली कोणी बोलत नाही. तरी ऐकून ऐकून ती जिभेवर बसते, उच्चार चुकत नाही. कानाने परकी भाषा घेण्याची ताकद आपल्या पोरांत आहे याचा याहून मोठा पुरावा कोणता? मात्र याच ठिकाणी एक धोकाही आहे. पाठ झाले पण अर्थ कळला नाही, तर ती पोपटपंची. इंग्रजीच्या कविता आणि उत्तरे पोरे अशीच पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. म्हणून अर्थ सांगून वाचणे, हा केंद्राचा पहिला नियम असावा. वंदनेलाही तोच नियम लावला तर बरेच होईल.

केंद्र कसे चालवावे

शिक्षक कोठून आणायचे? वाडीत बारावी झालेली मुलगी असते. अंगणवाडीच्या ताई असतात. मुंबईत बँकेत, पोस्टात, बेस्टमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले आणि गावी येऊन राहिलेले काका असतात. त्यांना फाडफाड इंग्रजी बोलता येण्याची गरज नाही. मुलांपेक्षा चार पावले पुढे असले आणि शब्द अडल्यावर शब्दकोश उघडण्याची लाज वाटली नाही, म्हणजे पुरे. उच्चाराची शंका आली तर मोबाइलमधला शब्दकोश शब्द बोलून दाखवतो. पायरीवरचा तोच मोबाइल मग उपयोगी पडतो.

दीड तासाची वाटणी अशी करावी. पहिली वीस मिनिटे मराठी गोष्ट मोठ्याने वाचायची. होय, इंग्रजीच्या केंद्रात मराठी गोष्ट! गोष्टीची गोडी लागली की पुस्तकाची भीती जाते. पुढची चाळीस मिनिटे इंग्रजी. सुरुवात पोरांना आधीच येत असलेल्या शब्दांनी करावी. बस, तिकीट, स्टँड, बोट, इंजिन, डिझेल, बाटली, ग्लास. पोर समजते आपल्याला इंग्रजी येत नाही, आणि पन्नास शब्द त्याच्या तोंडात आधीच असतात. ते शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून दाखवले की त्याचा चेहरा खुलतो. उरलेली तीस मिनिटे ज्याने त्याने आपल्या आवडीचे पुस्तक घेऊन वाचावे. त्या वेळी कोणी शिकवायचे नाही, कोणी रागवायचे नाही. शिकवणाऱ्या ताईनेही स्वतःचे पुस्तक घेऊन बसावे. मोठे माणूस वाचताना दिसले तर पोर वाचते, नाही तर नाही.

दोन अडचणी हमखास येतात. एक वाक्यरचनेची. आपण म्हणतो, मी भात खातो. क्रियापद शेवटी. इंग्रजीत ‘आय ईट राइस’, क्रियापद मध्ये. पोराचे तीन शब्दांचे वाक्य या जागी अडखळते. तीन पुठ्ठ्यांवर तीन शब्द लिहून ते हाताने हलवायला लावले की घोळ संपतो. दुसरी अडचण स्पेलिंगची. सुरीला इंग्रजीत नाइफ म्हणतात आणि सुरुवातीला ‘के’ लिहितात, पण तो उच्चारत नाहीत. ‘सी’ हे अक्षर कॅटमध्ये ‘क’ होते आणि सिटीमध्ये ‘स’ होते. पोरे म्हणतात, ही कसली भाषा! त्यांना सांगावे, आपल्या ‘च’चा उच्चार ‘चहा’ आणि ‘चाक’ यांत एकच आहे का? आपण तो नियमाने शिकलो नाही, ऐकून आणि वाचून शिकलो. इंग्रजी स्पेलिंगही पाठ करण्यापेक्षा पुन्हा पुन्हा डोळ्यांखालून गेल्याने जास्त बसते. म्हणूनच वाचन हवे.

कपाटात काय ठेवावे? नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली पुस्तके स्वस्त आणि चांगली आहेत. प्रथम बुक्सची चित्रमय पुस्तके मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे मिळतात. त्यांच्या ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावर २०१५ पासून अनेक भाषांतल्या गोष्टी फुकट वाचता आणि छापून घेता येतात. एकच गोष्ट आधी मराठीत, मग इंग्रजीत. सुभेदारांची भाषांतर पाठमाला नव्या रूपात हातात येते.

मोठ्या मुलामुलींसाठी आपल्याच माणसांची पुस्तके जोडीने ठेवावीत. आपल्या कोकणातल्या, रत्नागिरी जिल्ह्यातल्या ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ २००३ साली आले आणि माया पंडित यांनी ते इंग्रजीत नेले. वसंत मून यांच्या ‘वस्ती’चे इंग्रजी भाषांतर गेल ऑम्वेट यांनी केले. ज्या पुस्तकात आपली आई, आपली वाडी, आपली भाकरी आहे ते इंग्रजीत वाचताना पोराला अर्थाची निम्मी वाट आधीच ठाऊक असते. आणि भिंतीवर घटनेची उद्देशिका दोन्ही भाषांत लावावी. तिचा एक-एक शब्द घेऊन महिनाभर शिकवता येईल.

पुस्तके घरी न्यायला द्यावीत. वहीत नाव लिहावे, पण फाटले म्हणून दंड करू नये. कपाटात कोरे राहिलेले पुस्तक आणि हाताळून फाटलेले पुस्तक, यांत फाटलेले बरे. पावसाळ्यात कोकणच्या दमट हवेत बुरशी धरते म्हणून कपाट भिंतीपासून थोडे सरकवून ठेवावे आणि उन्हाच्या दिवशी पुस्तके वाऱ्यावर टाकावीत. हे काम पोरांनाच द्यावे.

मायभगिनींसाठी चार शब्द

आठवड्यातला एक दिवस आयांचा असावा. औषधाच्या पाकिटावर मुदत संपल्याची तारीख कोठे लिहिलेली असते, गॅसच्या पावतीवर रक्कम कोणती, बँकेच्या अर्जात नाव कोठे आणि खाते क्रमांक कोठे, एवढ्यापासून सुरुवात करावी. आई चार अक्षरे शिकताना लेक बघते, त्याचा परिणाम दहा उपदेशांहून मोठा असतो.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे उदाहरण पाहा. त्या किराणा दुकान चालवत. पुड्या बांधायला रद्दी येई, तिचे कागद त्या वाचत. वाचता वाचता लिहू लागल्या आणि घरच्यांपासून कित्येक वर्षे वह्या लपवून ठेवल्या. त्यातून १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले. आज त्याचे इंग्रजी भाषांतर परदेशातल्या विद्यापीठांत वाचले जाते. रद्दीच्या कागदावर त्यांचे वाचन झाले. आपल्या लेकीला निदान लपून वाचावे लागू नये. संध्याकाळी मुलगी पुस्तक घेऊन बसली की भांड्यांची आठवण तिलाच का करून द्यायची? तो दीड तास तिचा आहे, हे घरातल्या पुरुषांनी आणि सासवांनीही मानावे. केंद्र चालेल की बंद पडेल हे पुष्कळसे या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

खर्चाचे विचाराल तर एक कपाट, दोन सतरंज्या, दोन चांगले दिवे, शब्दकोश आणि शंभर पुस्तके. जयंतीच्या मिरवणुकीतला एका रात्रीचा डी. जे. कमी केला तर यातले बहुतेक निघते. आम्ही जयंतीच्या आनंदाविरुद्ध नाही. पण ज्यांची जयंती, त्यांनी आयुष्यभर कशावर पैसा खर्च केला याचा विचार वर्गणी गोळा करणाऱ्यांनी करावा. मुंबई शाखेच्या सभासदांनी मे महिन्यात गावी येताना प्रत्येकी दोन पुस्तके आणावीत. आपल्या मुलांची वाचून झालेली चालतील. शिकलेल्या तरुणांनी सुट्टीचे चार दिवस केंद्रात बसावे. वाडीतल्या पोरांना त्यांच्यात केळुसकर गुरुजी सापडू द्यावेत.

सगळ्या वाड्यांनी एकदम सुरुवात करण्याची वाट पाहू नये. एका वाडीने करावी. पाच मुले आली तर पाचांवर चालवावे. चौथ्या महिन्यात दोघे गळतील, सहाव्यात तिघे नवे येतील. परीक्षा घेऊ नये, बक्षिसांचा गाजावाजा करू नये. वर्षाच्या शेवटी कोणाला किती मार्क मिळाले हे विचारण्याऐवजी कोणी किती पुस्तके घरी नेली हे वहीत मोजावे.

येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर हा विषय बैठकीत काढावा, अशी आमची विनंती आहे. लांबलचक ठराव नको. किल्ली रोज कोण उघडणार, एवढे नाव त्या दिवशी ठरले तरी काम सुरू झाले असे समजू.

जय भीम!